उत्पन्न : निरंक



आधी एक कबुली देते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीच्या तासाला बाईंचा निम्मा वेळ आमचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यातच जायचा. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळातली रूममेट मागे लागली, तेव्हा मी चक्क हसले होते. पण या सेमिस्टरला एक गोष्ट अशी वाचनात आली की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. चुका झाल्या तर पोटात घाला.

झालं असं. टी.ई.च्या सेमिनारला मी स्टीम टर्बाइन हा विषय घेतला. (आमच्या वर्गात मुली सहाच, त्यातल्या दोघींनी हाच घेतला, कारण सिनियरची तयार पीपीटी मिळते. असो!) टर्बाइन म्हटलं की पार्सन्स आलाच. पन्नास टक्के रिअॅक्शन, एकसारखे दिसणारे व्हेलॉसिटी ट्रँगल, व्हायवाला हमखास विचारतात तो. या चार्ल्स पार्सन्सची माहिती वाचताना मी एका ओळीवर अडकले. तो १५ वर्षांचा असताना घरच्याच वाफेच्या गाडीत बसून निघाला होता, आणि त्या गाडीवरून पडून त्याच्या नात्यातली एक बाई चाकाखाली सापडली. नाव मेरी वॉर्ड. पुढच्या ओळीत लगेच त्याचं कॉलेज सुरू. मेरी वॉर्ड तिथेच संपली!

त्याच आठवड्यात घरून फोन आला. मावशीच्या अॅक्सिडेंट क्लेमचा अर्ज टाईप करून पाठव. चार महिन्यांपूर्वी मावशी एका लग्नाहून नातेवाइकांच्या गाडीतून परत येत होती. मागच्या सीटवर, अर्थातच बेल्ट न लावता. वळणावर गाडी रस्त्याखाली गेली. पुढे बसलेल्यांना खरचटण्यावर निभावलं, मावशीच्या मांडीचं हाड मोडलं आणि कमरेच्या मणक्याला मार बसला. काकांनी पेनाने भरलेला कच्चा अर्ज मी समोर ठेवला आणि टाईप करायला लागले. व्यवसाय : गृहिणी. मासिक उत्पन्न : निरंक.

पहाटे साडेपाचला उठणारी, आजेसासूपासून पोरांच्या डब्यापर्यंत सगळं बघणारी, वर काकांच्या दुकानाची वही लिहिणारी माझी मावशी. आणि निरंक. तो शब्द टाईप करताना हात थांबला आणि मला पुन्हा ती मेरी वॉर्ड आठवली. ही बाई होती तरी कोण? मग मी टर्बाइन बाजूला ठेवून तिलाच शोधायला लागले.

मेरीचा जन्म २७ एप्रिल १८२७ चा, आयर्लंडमधल्या फरबेन गावाजवळ बॅलिलिन नावाच्या घरात. माहेरचं आडनाव किंग. वडील पाद्री, घर खाऊनपिऊन सुखी. त्या काळात मुलींना युनिव्हर्सिटीचं दार बंदच होतं, त्यामुळे मेरी आणि तिच्या बहिणी घरीच शिकल्या. पण घरात विज्ञानाची आवड होती. मेरी अगदी लहानपणापासून किडे, फुलपाखरं गोळा करायची, भिंगाखाली धरून त्यांची चित्रं काढायची. १८३५ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा ती ८ वर्षांची होती. तोही तिने पाहिला.

तिचा एक चुलत-मावस नात्यातला भाऊ म्हणजे विल्यम पार्सन्स, रोसचा तिसरा अर्ल. म्हणजे आपल्या टर्बाइनवाल्या चार्ल्सचे वडील. बर या गावी (तेव्हाचं नाव पार्सन्सटाउन) त्यांचा वाडा होता, आणि वाड्याच्या आवारात त्यांनी जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण बांधायला घेतली होती. आरशाचा व्यास ६ फूट, वजन सुमारे ३ टन, नळी ५० फुटांहून लांब! धातू ओतण्यापासून पॉलिश करण्यापर्यंत सगळं काम तिथल्या तिथे, गावच्या कारागिरांना शिकवून केलेलं. १८४५ मध्ये ती सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यातून आकाशगंगेसारख्या एका तेजोमेघाचा सर्पिल आकार माणसाने पहिल्यांदा पाहिला. १९१७ पर्यंत तिच्याहून मोठी दुर्बीण जगात नव्हती. मेरी तिथे जायची, बांधकामाचा एकेक टप्पा बघायची आणि त्याची चित्रं काढून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे तर मिळणारच नव्हते. ही चित्रं लक्षात ठेवा, शेवटी परत येतील.

ती १८ वर्षांची असताना सर जेम्स साउथ नावाचे खगोलशास्त्रज्ञ घरी आले होते. भिंग घेऊन किड्यांची चित्रं काढत बसलेली ही मुलगी त्यांनी पाहिली आणि वडिलांना सांगून तिला सूक्ष्मदर्शक घ्यायला लावला. लंडनच्या अँड्र्यू रॉस यांनी बनवलेला. किंमत ४८ पौंड १२ शिलिंग ८ पेन्स. पोरीच्या हौसेसाठी त्या काळी एवढे पैसे मोजणारा बाप म्हणजे कमालच! पुढचं सगळं मेरी स्वतःच शिकली. स्लाइडसाठी काच सहज मिळत नव्हती, तर तिने हस्तिदंताच्या पातळ चकत्यांवर नमुने बसवले. आपल्या लॅबमध्ये एक प्रोब तुटला तर प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यावर जातं, ते आठवून जरा लाज वाटली.

१८५४ मध्ये तिचं लग्न हेन्री वॉर्डशी झालं. तो सैन्यात होता, पण वर्षभरातच त्याने नोकरी सोडली. खानदान मोठं, पण तो धाकटा मुलगा, त्यामुळे हातात पैसा बेताचाच. तिला ११ वेळा दिवस गेले, ८ मुलं जगली. म्हणजे लग्नानंतरची जवळजवळ सगळी वर्षं बाळंतपणं आणि लहान मुलं यांत गेली. आणि याच वर्षांत तिने पुस्तकं लिहिली.

१८५७ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचं तिचं पहिलं पुस्तक तयार झालं. बाई, त्यात कुठली पदवी नाही, तेव्हा प्रकाशक छापणार नाही असं वाटून तिने स्वतःच २५० प्रती छापून घेतल्या. त्या बघता बघता संपल्या. मग लंडनच्या प्रकाशकाने १८५८ मध्ये तेच पुस्तक नव्या नावाने काढलं आणि १८८० पर्यंत ते पुन्हा पुन्हा छापावं लागलं. १८५९ मध्ये दुर्बिणीवरचं पुस्तक, १८६४ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचं दुसरं. चित्रं सगळी तिचीच. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिची पुस्तकं मांडली होती. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये ब्रूस्टरचा कोन शिकलात ना? त्या डेव्हिड ब्रूस्टर यांच्या लेखनासाठीही तिने चित्रं काढून दिली. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची प्रकाशनं ज्यांच्या घरी जायची अशा तीनच बायका तेव्हा होत्या : एक व्हिक्टोरिया राणी, दुसरी गणितज्ञ मेरी सॉमरव्हिल आणि तिसरी ही. सभासद मात्र होता येत नव्हतं. बायकांना फेलो करून घ्यायला त्या सोसायटीला १९१६ साल उजाडावं लागलं.

आता तो दिवस. ३१ ऑगस्ट १८६९. मेरी ४२ वर्षांची होती. ती आणि हेन्री बरला पाहुणे म्हणून आले होते. अर्ल दोन वर्षांपूर्वीच वारले होते. घरच्या कारखान्यात तयार झालेली वाफेची रस्त्यावर चालणारी गाडी होती, तिच्यावरून सगळे फिरायला निघाले. अर्लचे दोन मुलगे, क्लेअर आणि १५ वर्षांचा चार्ल्स, त्यांचे शिक्षक, आणि वॉर्ड नवरा-बायको. मेरी आणि हेन्री उंच बाकावर बसले होते. गावातल्या चर्चजवळच्या वळणावर गाडीला हिसका बसला, मेरी खाली फेकली गेली आणि गाडीचं जड चाक तिच्यावरून गेलं. जवळच राहणारे डॉक्टर धावत आले, पण काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मान मोडली होती.

गाडीचा वेग किती असेल? ताशी साडेतीन ते चार मैल. म्हणजे साधारण ६ किलोमीटर! आपण मेसची वेळ संपत आली की याहून जोरात चालतो. मी वहीच्या मागच्या पानावर व्ही वर्ग भागिले आर करून बघितलं. वळणाची त्रिज्या ५ मीटर धरली तरी बाजूला ढकलणारं त्वरण सेकंदाला सेकंदाला ०.५६ मीटर येतं, गुरुत्वाकर्षणाच्या ६ टक्केसुद्धा नाही. एवढ्याने कुणी पडत नाही. म्हणजे वेगाने नाही मारलं. मारलं ते उंच बाकाने, चाकाच्या हिसक्याने आणि धरायला काहीच नसण्याने. वाहन बनवणाऱ्यांनी बॉयलरचा विचार केला, पिस्टनचा केला, बसणाऱ्या माणसाचा केला नाही.

कायद्यानेही केला नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटने १८६५ मध्ये अशा गाड्यांसाठी नियम केले होते. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, आणि गाडीपुढे लाल झेंडा घेतलेला माणूस चालला पाहिजे. हे सगळं रस्त्यावरच्या लोकांसाठी आणि बुजणाऱ्या घोड्यांसाठी. आत बसलेली व्यक्ती कायद्याच्या डोळ्यापुढे नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. ज्युरीने निकाल दिला, अपघाती मृत्यू. बऱ्याच ठिकाणी मेरी वॉर्ड हिला जगातली पहिली मोटारबळी म्हणतात. खरं तर १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझलीजवळ वाफेच्या गाडीचा बॉयलर फुटून माणसं गेली होती. तेव्हा पहिली की दुसरी या वादात मी पडत नाही. मला त्या निकालाने जास्त विचारात पाडलं. अपघाती म्हटलं की विषय मिटतो. मावशीच्या बाबतीतही सगळे हेच म्हणत होते, अपघात आहे, कुणी मुद्दाम केलं का?

तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात एक गंमत होती. गंमत कसली, क्रूर चेष्टाच. माणूस जखमी झाला तर तो भरपाई मागू शकायचा, मेला तर त्याचा दावा त्याच्याबरोबरच मरायचा! रेल्वे आल्यावर मरणारे वाढले आणि १८४६ मध्ये कायदा बदलला. नवरा, बायको, आई-वडील, मुलं यांना भरपाई मागता येऊ लागली. तोच कायदा १८५५ मध्ये आपल्याकडे हिंदुस्थानातही आला. पण अट अशी की दुसऱ्याची चूक सिद्ध झाली पाहिजे, आणि नुकसान पैशात दाखवता आलं पाहिजे. दुःखाचे पैसे नाहीत, हे तिथल्या कोर्टाने १८५२ मध्येच स्पष्ट केलं होतं.

आता कल्पना करा, मेरीच्या बाबतीत हा हिशोब मांडला असता तर? नोकरी नाही. पगार नाही. पदवी नाही, संस्थेचं सभासदत्व नाही. घरी ८ मुलं. तिच्या नावापुढच्या रकान्यात काय लिहिलं गेलं असतं? निरंकच ना!

चार्ल्स पार्सन्सचं पुढे काय झालं ते सेमिनारमध्ये सांगितलंच. १८८४ मध्ये त्याने टर्बाइन बनवलं. मिनिटाला १८,००० फेरे आणि त्यावर चालणारा साडेसात किलोवॅटचा डायनॅमो. १८९७ मध्ये राणीच्या हीरकमहोत्सवाला आरमाराच्या संचलनात त्याची टर्बिनिया बोट ३४ नॉटच्या वेगाने सगळ्यांना मागे टाकत पळाली. आज आपल्या कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत फिरतात ती टर्बाइन्स त्याच वंशातली. हेन्री वॉर्ड १८८१ मध्ये व्हायकाउंट बँगर झाला, मोठ्या वाड्याचा मालक झाला. ते बघायला मेरी नव्हती. तिचा सूक्ष्मदर्शक मात्र त्याच कासल वॉर्डमध्ये आज लोकांना बघायला ठेवला आहे.

आणि ती चित्रं? बरची महाकाय दुर्बीण पुढे मोडकळीला आली होती. १९९० च्या दशकात ती पुन्हा उभी करायचं ठरलं. मूळ बांधणी कशी होती हे शोधताना अर्लच्या पत्नीने काढलेले फोटो आणि मेरीने काढून ठेवलेली चित्रं उपयोगी पडली. दीडशे वर्षांनी! फुकट, हौसेने, कुणी न सांगता केलेलं काम.

एवढं वाचून झाल्यावर मी रात्री काकांना फोन लावला. म्हटलं, काका, निरंक खोडा. काका म्हणाले अगं, पगार नाही तर दुसरं काय लिहू? मग मी दोन दिवस लायब्ररीत टर्बाइनऐवजी मोटार वाहन कायदा वाचला. (गाईड सर, माफ करा.) त्यातलं जे तुम्हालाही कधी लागू शकेल ते इथे देते.

एक. भारतात जखमींना किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अपघात झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही. पण १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची मुदत कायद्यात आली आहे. बरं वाटू दे मग बघू, असं म्हणून थांबू नका. एफ.आय.आर., पंचनामा, दवाखान्याचं प्रत्येक बिल, एक्स-रे, सगळं एका फाईलला लावा.

दोन. नातेवाइकाविरुद्ध केस कशी करायची, या संकोचात आमचे तीन महिने गेले. अर्जात मालक-ड्रायव्हरचं नाव येतं हे खरं, पण योग्य विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते. योग्य विमा हा शब्द महत्त्वाचा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी गाडीत फुकट बसलेल्यांना आणि बाइकवर मागे बसणाऱ्याला त्यातून सहसा संरक्षण मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर मिळतं. २००६ आणि २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांत हा फरक आला आहे. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या किती बाइकना कुठली पॉलिसी आहे, आज रात्री बघा. आमच्या नातेवाइकांची पॅकेज निघाली, तेव्हा कुठे घरात सगळ्यांनी श्वास सोडला.

तीन. दोन गाड्यांची टक्कर असेल तर चूक कोणाची किती, या भांडणात प्रवाशाने अडकायचं कारण नाही. दोघांपैकी कुणाकडूनही तो पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं आहे.

चार, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी. गृहिणीचं उत्पन्न निरंक धरता येत नाही. २००१ मध्ये, मग २०१० मध्ये, आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने घरकामाचं मोल धरून भरपाई ठरवली आहे. २०२१ च्या निकालात सरकारी पाहणीचे आकडे दिलेत. बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास, रविवारची सुट्टी नाही.

वकिलांशी बोलून काकांनी अर्ज बदलला. निरंक गेलं. आता त्या जागी मावशीच्या कामाची यादी जोडली आहे. ती यादी काकांनी स्वतः लिहिली. लिहिताना, मावशी सांगत होती, दोन वेळा उठून बाहेर जाऊन आले. मुदत संपायच्या आत अर्ज दाखल झाला. केस चालू आहे, निकाल कधी लागेल माहीत नाही. मावशी काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते, ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही.

माझ्या सेमिनारला पहिली स्लाइड चार्ल्स पार्सन्सची होती. शेवटची मी मेरी वॉर्डची ठेवली. सरांनी विचारलं, हिचा टर्बाइनशी काय संबंध? मी म्हटलं, सर, पुढे मशीन बनवणारा मुलगा त्या दिवशी गाडीवर होता, आणि ही त्याच गाडीवरची पॅसेंजर. मार्क किती मिळाले ते विचारू नका!

आपण सगळे उद्या गाड्या, इंजिनं, ब्रेक काही ना काही बनवणार आहोत. बनवताना मागच्या सीटवर कुणाची तरी मावशी बसली आहे एवढं लक्षात असू द्या. आणि या दिवाळीला घरी जाताना मागच्या सीटवरचा बेल्ट लावा. तो गादीच्या फटीत गेलेला असतो. हात घालून बाहेर काढा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मुलींचं वसतिगृह)